जकात नाक्याखालचं भुयार

जकात नाक्याखाली भुयार आहे, ही थाप मी पहिल्यांदा मारली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि सासूबाईंची तांब्याची कळशी माझ्या हातून हरवली होती.

हरवली म्हणजे काय, नाक्यामागं चिंचेचं झाड होतं. चिंचा पाडायच्या नादात मी कळशी झाडाखाली ठेवली आणि कुणीतरी उचलून नेली. आता नव्या सुनेनं हे सांगायचं कसं? सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हटलं, "नाक्यामागं जमीन खचली हो. कळशी आत गेली. घरंगळत गेली ती गेलीच. बराच वेळ आवाज येत होता."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बराच वेळ?"

तिथंच मी बिघडले. त्यांच्या डोळ्यांत जे काही आलं ना, ते बघून मला इतकं छान वाटलं की मी थांबलेच नाही. खालून गार वारा येत होता म्हणाले. पायऱ्या दिसल्या म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते भुयार भुईकोटापर्यंत जाऊन पोचलं होतं.

त्याला पंचावन्न वर्षं झाली. सासूबाई गेल्या, जकात गेली, नाका बंद पडून त्याच्या खिडक्यांत पारवे राहायला आले. भुयार मात्र राहिलं. आमच्या पेठेत पाहुणा आला की त्याला आधी चहा देतात आणि मग भुयार सांगतात.

हे सगळं इतकं लांबून सांगायचं कारण, त्या भुयारामुळं माझं घर मोडायला आलं होतं.

घरात आम्ही दोघीच. मी आणि माझी सून अंबिका. मुलगा मल्लिनाथ ट्रकवर असतो, महिन्यातले चार दिवस घरी. अंबिका रिक्षा चालवते, बॅटरीची. शहरात पेट्रोलच्या रिक्षा बंद होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा पेठेतल्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि हिनं सगळ्यांच्या आधी बॅटरीची घेतली. धडाडीची आहे. पण गाडी घेतली तरी तिला चार्ज कुठं करायची? घरच्या मीटरवर लावायची सोय नाही. आमच्या बोळातल्या तारा जुन्या, दहा गाड्या एकदम लावल्या की कोपऱ्यावरचा डीपी जळायचा. दोनदा जळला, मग बोळात बंदीच आली. मोठं चार्जिंग स्टेशन आहे ते बाजार समितीपाशी, सात किलोमीटर लांब. तिथं रांग. रोजचे तीन तास तिचे रांगेत जायचे. सकाळची शाळेची पोरं सोडली की रांगेत, संध्याकाळी परत रांगेत. जेवण रिक्षातच.

तिची थोरली बहीण भोसरीला. ती म्हणायची, "इकडं ये. आमच्या बिल्डिंगखालीच चार्जर आहे. खोली बघून ठेवते."

अंबिका म्हणायची, "थांब जरा. आमच्या नाक्यावर होणार आहे."

आणि होणारच होतं. शहरात चाळीस नवी स्टेशनं करायची ठरली होती आणि त्यासाठी दोनशे बारा जागा तपासत होते. कुठल्या रस्त्यावर किती गाड्या, कुठल्या गाडीची बॅटरी कुठं आल्यावर संपते, मोठी वीजवाहिनी किती जवळ, सावली किती, गाडी वळवायला जागा किती. आमचा नाका त्यात पहिला आला! जागा सरकारी. ट्रक उभे राहायचे तेवढं मैदान. तीन रिक्षा थांब्यांच्या बरोबर मध्ये. वर दोन कडुलिंब. उन्हाळ्यात बॅटरी तापली की चार्जिंगचं मशीन आपोआप हळू चालतं म्हणे, त्यामुळं सावलीला वेगळे मार्क होते. शंभरातले एक्क्याण्णव मिळाले. अंबिकानं पेढे आणले होते.

मग एका सोमवारी ती दारातून आत आली, चप्पल न काढता.

"आई, नाका रद्द झाला."

मी शेंगा सोलत बसले होते. "रद्द? का?"

तिनं फोनवरचं वाचून दाखवलं. "जमिनीखाली पोकळी असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के."

हातातली शेंग तशीच राहिली.

"पोकळी कसली?" मी म्हटलं. आवाज जरा चिरकाच निघाला.

"भुयार, आई. दुसरं काय असणार?" ती खाली बसली. "शुक्रवारी यादी पक्की होणार. आपल्या बदल्यात गावाच्या दुसऱ्या टोकाची जागा घेतलीय. पुढची पाहणी चार वर्षांनी. मी काही चार वर्षं रांगेत बसणार नाही. ताईला सांगते, एक तारखेपासून खोली घे म्हणून. तुम्ही पण चला."

"मी?"

"मग काय इथं एकट्या राहणार?"

भोसरीत मी कुणाला काय सांगणार? थाप ऐकायला माणूस मुरलेला लागतो. नवीन माणसाला थाप मारली की तो एक तर विश्वास ठेवतो नाही तर निघून जातो. दोन्हीत मजा नाही. आणि अंबिकाला एकटीला पाठवून मी इथं कुणासाठी भाकरी थापू?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करायला बाहेर पडले. खरं सांगायला.

गड्डमच्या पिठाच्या गिरणीत सकाळी सगळी पेठ भेटते. मी मधोमध उभी राहिले. "ऐका रे सगळे. नाक्याखाली भुयारबियार काही नाही. मी थाप मारली होती."

गड्डमनं गिरणी बंद केली. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. "अक्का, हे नवीन आहे. पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"म्हणजे भुयार नाही असं सगळ्यांना वाटावं, अशी त्या काळी कुणीतरी व्यवस्था केली. बरोबर?"

"अरे बाबा, मीच रचलं ते. कळशी हरवली होती माझी."

"कळशी पण आहे का यात!" गड्डम खूश झाला. "कुणाची? राणीची?"

बाकड्यावर हत्तुरे मास्तर बसले होते. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. म्हटलं, हे तरी ऐकतील. तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "इंदाक्का, वयानं असं होतं. आत मोडी लिपीतला लेख आहे. मी स्वतः पाहिलाय."

"कुठं पाहिलात मास्तर?"

"म्हणजे..." मास्तर जरा अडखळले. "पाहिलेल्या माणसाला पाहिलंय."

पंचावन्न वर्षं मी सांगेन ते गिळणारी ही माणसं, खऱ्याचा पहिला घास दिला तर त्यांनी तो थुंकून टाकला. मी तिथूनच पाहणीच्या कचेरीत गेले.

तिथले साहेब म्हणजे तन्वीर मुजावर. तिशीतला मुलगा, इंजिनियर, टेबलावर सगळा मातीच्या नमुन्यांचा पसारा. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आज्जी, तुम्हाला स्टेशन हवंय म्हणून तुम्ही आता असं म्हणताय, होय ना?"

"तुझं ते टक्के काढणारं मशीन माझ्यावर विश्वास ठेवत नाही का?"

"मशीन एकट्यादुकट्यावर ठेवत नाही. तेच तर त्याचं कसब आहे."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं, मला कळलं म्हणजे बघा.

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जमिनीखाली काय आहे ते बघायला रडार असतं. वरून लहरी सोडायच्या, त्या खाली आपटून परत आल्या की चित्र मिळतं. पण ओल्या, चिकट काळ्या मातीत त्या लहरी जिरून जातात. हातभर खाली गेलं की रडार आंधळं. आणि गावात बुजवलेल्या विहिरी, धान्याची पेवं, जुनी गटारं शेकड्यांनी, नकाशा एकाचाही नाही. स्टेशनचा ट्रान्सफॉर्मर आणि साठवणीच्या बॅटऱ्या मिळून अठरा टन. खाली विहीर निघाली तर गाड्यांसकट सगळं आत.

"मग विहिरी कुणाला माहीत असतात?" मुजावर म्हणाला. "माणसांना. म्हणून कानोसा."

कानोसा हे त्या मशीनचं नाव. ते जागेच्या आसपासच्या लोकांना फोन करायचं आणि निवांत विचारायचं, इथं पूर्वी काय होतं. लोक वाटेल तेवढं बोलायचे. ते मध्ये फक्त म्हणायचं, "हं... मग?" आमच्या पेठेतली म्हातारी माणसं त्या फोनची वाट बघायची. घरात इतकं कोण ऐकतं? मला पण आला होता. पण त्या दिवशी मला तळ्यातल्या मगरीचं सुचलं होतं, त्यात तास गेला आणि भुयाराचं राहिलंच.

"आता खरी युक्ती ऐका," मुजावर म्हणाला. "भूकंप नेमका कुठं झाला ते कसं कळतं? दहा गावांतली यंत्रं आपापला धक्का नोंदवतात. प्रत्येकाची नोंद थोडी वेगळी असते आणि त्या फरकातूनच मूळ जागा सापडते. आठवणींचं तसंच. दहा माणसं शब्दाला शब्द सारखं बोलली तर समजायचं, एकाचं ऐकून दहा जण बोलतायत. पण दहा जणांनी दहा वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि जागा मात्र एकच सांगितली, तर त्यांनी दहा बाजूंनी खरंच काहीतरी बघितलंय. भाजी मंडईखालची विहीर कानोसानं अशीच शोधली. तुमच्या नाक्याबद्दल तेवीस जण बोललेत. तेवीसच्या तेवीस वेगळं!"

"आणि एकाच बाईनं तेवीस जणांना तेवीस तऱ्हेनं सांगितलं असेल तर?"

मुजावर हसला. "असं कोण करतं, आज्जी?"

मी वर पंख्याकडं बघितलं.

त्याचं हसू हळूहळू उतरलं. "आज्जी?"

"एकदा सांगितलेलं तसंच्या तसं दुसऱ्यांदा सांगायला माझी जीभ वळत नाही, बाळा. मला स्वतःलाच कंटाळा येतो."

तो बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसला. मग म्हणाला, "बोअर मारून बघावं तर मशीन एकच आहे. ते फक्त शंकेच्या जागी जातं. टक्केवारी साठच्या खाली आली तरच पाठवता येतं. नव्वदच्या वर म्हणजे पोकळी आहेच, असं धरतात." मग एकदम माझ्याकडं वळला. "कुणाला काय सांगितलं ते आठवेल तुम्हाला? मी नुसतं नाव सांगणार. त्या माणसानं कानोसाला काय सांगितलं, ते तुम्ही न ऐकता सांगायचं. जमलं तर त्या सगळ्यांचा उगम एकच, हे सिद्ध होईल."

"पंचावन्न वर्षांचं?"

"बुधवारी सकाळी दहाला या."

त्या दिवशी मी देवाला उदबत्ती लावली आणि काही मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

बुधवारी टेबलावर एक चपटी पेटी होती, त्यातून कानोसाचा आवाज आला. "नमस्कार, इंदुमतीबाई. मगरीचं पुढं काय झालं?"

मुजावरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नंतर."

त्यानं पहिलं नाव वाचलं. "गड्डम, पिठाची गिरणी."

मी डोळे मिटले. आधी काहीच आठवेना. कधी सांगितलं, कुठं सांगितलं, सगळं एकात एक मिसळलेलं. मग मी भुयार सोडून दिलं आणि गड्डमचा विचार केला. नवी गिरणी टाकली तेव्हाचा, रोज धान्याची रास बघून हरखणारा. "त्याच्या भुयारात पेवं आहेत. दोन्ही बाजूला. आत शंभर वर्षांची ज्वारी, अजून कीड नाही."

पेटी म्हणाली, "जुळलं."

"नसीमा, शिवणकाम."

"रेशमाचे तागे. भिंतीला खुंट्या. हात लावला की राख होते, म्हणून कुणी हात लावायचा नाही."

"जुळलं."

मग मला किल्लीच सापडली. मी थापा आठवत नव्हते, माणसं आठवत होते. ज्याला जे आवडायचं ते मी त्याच्या भुयारात नेऊन ठेवलं होतं. पैलवानाच्या भुयारात लाल मातीचा आखाडा. हत्तुरे मास्तरांच्यात मोडीतला लेख, त्यातली पहिली ओळ लागते, दुसरी लागत नाही. मास्तरांना अर्धं कोडं दिलं की त्यांना जेवण जात नसे. शेवंताबाईचं नाव आलं तेव्हा मात्र मी जरा थांबले.

"आठवत नाही का, आज्जी?"

"आठवतंय. तिच्या भुयारात आतून कुणीतरी गातं. तिचे मालक गायचे. ते गेले त्या वर्षी सांगितलं होतं."

पेटी हळूच म्हणाली, "जुळलं."

बावीस नावं झाली. बावीसच्या बावीस जुळली. चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले, ऐंशी झाले, करत करत आकडा सहासष्टवर आला. जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलते असं कुणीतरी मान्य केलं होतं, आणि तेही मी थापाडी आहे एवढ्यापुरतंच.

"आता एकच," मुजावर म्हणाला. "पण यात नाव देऊ नका असं सांगितलंय. तर कानोसा तुम्हाला अर्धं वाचून दाखवेल, पुढचं तुम्ही सांगा."

कानोसानं वाचलं. "एक बाई कंदील घेऊन भुयारात उतरली होती. कमरेला दोर. वर दुसरी बाई दोर धरून उभी. खालची ओरडली, दोर सोड गं, इथं गार आहे, मला इथंच बरं वाटतंय."

मी वाट बघितली. माझ्या डोक्यात काही येईना. मी हे कधीच, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पुढं काय?" मीच विचारलं.

"वरची म्हणाली, सोडत नाही जा. आणि तिनं ओढून वर काढलं."

काय सांगू, आधी मला मत्सर वाटला. माझ्या बावीस भुयारांपेक्षा हे चांगलं होतं! मग मुजावरचा उतरलेला चेहरा बघितला आणि भानावर आले. ज्याअर्थी हे माझं नव्हतं, त्याअर्थी ते वेगळ्या माणसानं वेगळं बघितलेलं. स्वतंत्र साक्षीदार. आकडा सहासष्टवर रुतून बसला.

"त्या व्यक्तीनं स्वतः सांगितलं की हे बघितलेलं नाही, तर काम होईल," तो म्हणाला. "नाव सांगू का, असं विचारायला कालच निरोप पाठवलाय, अजून उत्तर नाही. शुक्रवारी बारा वाजता यादी जाते."

गुरुवारी दुपारी अंबिका घरी होती. पलंगावर बॅग उघडी, तिच्या साड्या एका बाजूला, माझ्या दुसऱ्या बाजूला. मी नको म्हटलं तरी तिनं माझ्याही काढल्या होत्या. ती भांडी विसळत होती, मी तिला कचेरीतलं सांगत होते.

"बाई आहे कुणीतरी. कसली सुंदर थाप मारलीय गं! एक खाली, एक वर. खालची म्हणते दोर सोड."

अंबिकाच्या हातातलं ताट नळाखाली तसंच राहिलं. पाणी वाहत होतं.

"मग वरची म्हणते, नाही सोडणार."

"नाही सोडणार?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "सोडत नाही जा, असं नाही का?"

"असेल. पण तुला काय..."

मी बोलता बोलता थांबले. नळ बंद झाला. ती ओले हात पदराला न पुसताच उभी होती.

"अंबिके."

"रांगेत होते आई," ती भडाभडा बोलायला लागली. "माझ्यापुढं एकोणीस गाड्या. ऊन मी म्हणत होतं. त्या कानोसाचा फोन आला, इतक्या प्रेमानं विचारत होतं. आधी म्हटलं, सासूबाईंचं ऐकलेलं सांगावं. मग म्हटलं, त्या रोज एक नवीन सांगतात, आपण जन्मात एक तरी सांगून बघावी. मला काय माहीत त्याचे टक्के करतात ते? सोमवारी यादी वाचली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परवापासून त्यांचा निरोप येतोय. खोटी माहिती दिली म्हणून बॅज काढून घेतला तर? रिक्षा गेली तर खायचं काय? आणि तुम्हाला कळलं असतं तर..."

"तर काय?"

"हसला असता तुम्ही."

"म्हणून भोसरी?"

तिनं पदराला हात पुसले.

मला राग यायला हवा होता. तीन दिवस मी गावभर खरं बोलत फिरत होते, वयाला न शोभणारं काम, आणि ही घरात साड्या घड्या घालत होती. पण राग आला नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी पलंगावर टेकलेच. तिला जायचं नव्हतं. नुसती घाबरली होती.

"एक सांग," मी म्हटलं. "दुसरी बाई वर कशाला उभी केलीस?"

"मग काय खाली एकटीला सोडायचं?" ती म्हणाली आणि पाठ फिरवून ताट फडताळात ठेवायला लागली.

मी उठले. "चप्पल घाल. साडेचार वाजलेत, कचेरी सहाला बंद होते."

"बॅज?"

"बॅज गेला तर मी सांगेन, ही माझ्या संगतीनं बिघडली."

रिक्षात बसलो तर बॅटरी सहा टक्के. दुपारची रांग चुकवून आली होती ना. अंबिकानं दिवे बंद केले, पंखा बंद केला, उतारावर गाडी नुसती सोडली. तरी कचेरीच्या फाटकाआधी शंभर पावलांवर गाडी बसली. मी उतरून मागनं ढकलायला लागले. शहात्तर वर्षांची बाई रिक्षा ढकलतेय म्हटल्यावर रस्त्यावरची चार माणसं धावत आली आणि आम्ही वरातीसारखे आत पोचलो.

मुजावर कुलूप लावतच होता. अंबिकानं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी बॅज काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

"हा मला कशाला, ताई?" तो म्हणाला. "माझं खातं खड्ड्यांचं." त्यानं पेटी चालू केली. "यांना सांगा."

कानोसानं विचारलं, "हे तुम्ही पाहिलं होतं का?"

"नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मीच रचलं."

पेटी म्हणाली, "हं... मग?"

मुजावरला हसू आवरेना. आकडा खाली यायला लागला. साठ, पन्नास, आणि एक्केचाळीसवर थांबला. मुजावरनं तिथल्या तिथं बोअरच्या मशीनचा आदेश काढला, आणि कानोसाला एक नवा प्रश्न कायमचा शिकवून ठेवला. आता ते सगळ्यांना आधी तेच विचारतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या पेठेत त्याचं उत्तर म्हणून माझंच नाव येतं, असं मुजावर म्हणतो.

शुक्रवारी सकाळी आठला मशीन नाक्यावर आलं. सगळी पेठ जमली. गड्डम गिरणी बंद करून आलेला, मास्तर टोपी घालून, नसीमा सुईदोरा गळ्यात तसाच घेऊन. कुणालाही स्टेशन बघायचं नव्हतं, सगळ्यांना भुयार बघायचं होतं. आणि मला दगड बघायचा होता. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी आणि माझी पेठ दोन बाजूंना उभे होतो.

घरघर सुरू झाली. चार फूट काळी माती निघाली. मग पिवळा मुरूम. सहा फुटांवर दांडा एकदम हिसका देऊन अर्धा फूट खाली घसरला.

"आलं!" गड्डम ओरडला.

देवा, माझी थाप खरी निघाली तर? मी न बघता, कळशीच्या भीतीनं जे बोलले, ते तिथं खरंच असेल तर? अंबिकानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मशीनवाल्यानं वाकून बघितलं. "काही नाही, भुसभुशीत मुरूम आहे." आणि पुन्हा सुरू केलं. नऊ फुटांवर आवाज बदलला. जड, भरीव, कर्कश आवाज. काळ्या पाण्याबरोबर काळी कपची वर यायला लागली. बारा फूट. अठरा. पंचवीस.

"खडक," मशीनवाला म्हणाला. "पुढं सगळा खडकच."

"जरा डावीकडं घेऊन बघा की," मास्तर म्हणाले.

डावीकडं घेतलं. उजवीकडं घेतलं. चार कोपऱ्यांत चार भोकं झाली आणि चारही ठिकाणी खाली अखंड काळा दगड. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुजावरनं कागदावर सही केली आणि अंबिकाला अंगठा दाखवला. पेठेतली माणसं माझ्याकडं बघत होती, जसं काही मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेलं. शेवंताबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जास्त खोल असेल ना, अक्का?" मी म्हटलं, "असेल."

मग मला कळलं की माझे पाय दुखतायत. चार दिवस दुखत असणार. मी नाक्याच्या पायरीवर बसले, पाय लांब केले, आणि एवढा मोठा श्वास सोडला की वरचे पारवे उडाले.

अंबिका कडुलिंबाखाली फोनवर होती. हातात दगडाचा ओला तुकडा.

"ताई, ती खोली दुसऱ्या कुणाला दे," ती सांगत होती. "नाही गं, भांडण नाही झालं. नाही, आई बऱ्या आहेत. अगं, दगड लागला! खाली दगड लागला!"